आदिजे नदीच्या काठाने सायकलवर: रेशन खिंड ते वेरोना, क्रमाने

उत्तर इटलीतल्या आदिजेच्या खोऱ्यातून सायकलने जायचे बेत बहुतेक एकाच साच्याचे असतात. नकाशात ऑस्ट्रिया-इटली सीमेजवळची रेशन खिंड १,५०० मीटरवर दिसते आणि वेरोना ६० मीटरवर. मग हिशोब मांडला जातो: सगळा उतारच, अंतर ३०० किलोमीटरच्या आत, रोज १०० चालवले की तीन दिवसांत आटोपलं. त्यानुसार हॉटेलं ठरतात, परतीचं विमान ठरतं, आणि घोळ तिथेच होतो.

उंचीचे आकडे तुकड्यातुकड्याने पाहा. रेशन ते बोल्झानो हे अंतर साधारण ११५ किलोमीटर आहे आणि तेवढ्यात रस्ता १,२०० मीटरहून जास्त उतरतो. बोल्झानो समुद्रसपाटीपासून २६२ मीटरवर आहे. तिथून वेरोनापर्यंतच्या १७० किलोमीटरांत उरतात जेमतेम २०० मीटर. अर्ध्याहून अधिक वाट सपाट आहे आणि त्या सपाट वाटेवर उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेकडून वारा येतो, म्हणजे थेट तोंडावर. म्हणून या मार्गाचा बेत घड्याळ पाहून आखायचा. किलोमीटर त्यानंतर.

खाली दिलेला क्रम पहिल्यांदा आल्प्समध्ये सायकल चालवणाऱ्यासाठी आहे. घाट चढायची हौस असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

## १. आधी हंगाम, मग व्हिसा, मग हॉटेल

मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ धरा. त्याआधी रेशनच्या बाजूला बर्फ असू शकतो. एप्रिलमध्ये खाली सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात, पण थंडीच्या रात्री कळ्या वाचवायला शेतकरी झाडांवर पाण्याचे फवारे सोडतात. ते पाणी शेजारच्या सायकल वाटेवरही गोठतं आणि सकाळी डांबर काचेसारखं निसरडं होतं.

जुलै-ऑगस्ट टाळता आले तर टाळा. बोल्झानो डोंगरांच्या खोलगट भांड्यात बसलं आहे, तिथे पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते आणि खोऱ्यातली अनेक लॉजं एका रात्रीसाठी खोलीच देत नाहीत. माझी पसंती जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. सप्टेंबरात सफरचंदांची तोडणी चालू असते, त्यामुळे वाटेवर पेट्यांनी लादलेले ट्रॅक्टर भेटतात, एवढीच त्यातली गोम.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड तिन्ही त्यात येतात. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, म्हणजे इथे बहुतेकांना इटलीकडे. म्युनिकला उतरणार म्हणून जर्मनीकडे अर्ज करणं ही नेहमीची चूक. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान १५ दिवस आधी तो पोहोचावा लागतो, पण भेटीची वेळ मिळायलाच उन्हाळ्यात आठवडे जातात. ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण बंधनकारक आहे. ते घेताना पॉलिसीत सायकलिंग वगळलेलं नाही ना, ही ओळ शोधून वाचा.

तपासा: हॉटेलांची आरक्षणं रद्द करता येण्यासारखीच घ्या आणि प्रत्येक ठिकाणी सायकल कुलपात ठेवायची खोली आहे का ते लिहून विचारा. पहिल्या रात्रीचं आरक्षण रेशनमध्ये करू नका. का ते पाचव्या भागात येईल.

## २. दिवसांची विभागणी

सहा दिवस. तब्येत दणकट असेल तर पाच. अंतरं साधारण अशी:

पहिला दिवस रेशन ते ग्लुर्न्स, २५ किलोमीटर. दुसरा ग्लुर्न्स ते मेरान, ५५ ते ६०. तिसरा मेरान ते नॉयमार्क्ट, ५५. चौथा नॉयमार्क्ट ते त्रेंतो, ४० च्या थोडं वर. पाचवा त्रेंतो ते आव्हियो, ४५ ते ५०. सहावा आव्हियो ते वेरोना, ५५.

आकडे लहान वाटतील. पुण्याहून महाबळेश्वर एका दिवसात करणारे हे पाहून हसतात. पण इथे सकाळी सात-साडेसातला निघून दुपारी एकपर्यंत सायकल लावायची आहे. सामान लादलेल्या सायकलवर, अनोळखी वाटेवर, पाट्या बघत, पाणी भरत, फोटो काढत ताशी १४-१५ किलोमीटरची सरासरी चांगली समजा.

दुपारी एकच का? निरभ्र उन्हाळी दिवशी गार्डा सरोवरावरून दक्षिणेचा वारा उठतो, त्याला तिकडे ओरा म्हणतात. तो दुपारच्या सुमारास सरोवरावर जोर धरतो, डोंगरातल्या फटीतून त्रेंतोकडे येतो आणि आदिजेचं खोरं धरून वर उत्तरेकडे सरकतो. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला येत असता. सकाळी खोरं शांत असतं. जे अंतर सकाळी दोन तासांत होतं तेच दुपारी साडेतीन तास खातं.

मग उलट दिशेने, वेरोनाकडून का चढू नये? तसं करणारे आहेत आणि वाऱ्याचा त्यांना फायदाही होतो. पण मेरानपासून रेशनपर्यंत जवळजवळ १,२०० मीटर चढावं लागतं आणि शेवटचा भाग तिखट आहे. पहिल्या वेळेला वरून खाली या.

## ३. सायकल: नेण्यापेक्षा भाड्याने घ्या

भारतातून खोक्यात सायकल नेली की विमानाचं भाडं, खोकं ठेवायची जागा आणि परत पॅकिंग असे तीन उद्योग मागे लागतात. दक्षिण तिरोलमध्ये (बोल्झानो, मेरान ज्यात येतात त्या इटलीच्या प्रांतात) रेल्वे स्थानकांजवळ सायकली भाड्याने मिळतात आणि एका स्थानकावर घेऊन दुसऱ्यावर परत करायचीही सोय आहे. ती सोय प्रांताच्या हद्दीत चालते, वेरोनात नाही. म्हणून सायकल बोल्झानो किंवा मेरानमधून घ्या आणि शेवटी वेरोनाहून रेल्वेने तिथे परत आणा. हे वळण महागात पडत नाही.

घ्यायची ती ट्रेकिंग सायकल: ३५ ते ४२ मिलिमीटरचे टायर, मागे कॅरियर, डिस्क ब्रेक, मडगार्ड, दिवे. मार्ग बहुतांश डांबरी असला तरी मध्येमध्ये बारीक खडी आहे. रोड बाइकचे अरुंद टायर तिथे त्रास देतात.

ई-बाइक हवी असेल तर तीही तिथेच घ्या. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-बाइकची बॅटरी त्याहून कितीतरी मोठी असते. आणखी एक विचार करा: ई-बाइक २५ किलोची असते आणि रेल्वे डब्यात ती उचलायला कुणी येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतात बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तिकडे तो डाव्या हाताला असतो. आपल्या डाव्या हाताला सवय मागचा ब्रेक करकचून दाबायची. तोच हात तिथल्या उतारावर त्याच जोराने दाबला गेला तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. तारेचे ब्रेक असतील तर दुकानदार हात बदलून देऊ शकतो. हायड्रॉलिक असतील तर ते सहसा नकार देतात.

तपासा: सायकल ताब्यात घेतल्यावर स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत अर्धा तास फक्त ब्रेक मारा. आधी रिकाम्या सायकलवर, मग सामान लादून. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने असते, हेही इथेच अंगवळणी पाडा. भरचौकात माणूस सावध असतो. सकाळी हॉटेलच्या गेटातून रिकाम्या रस्त्यावर येताना तो नकळत डावी बाजू धरतो.

दुकान सोडण्यापूर्वी ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता ते पाहा, त्याच व्हॉल्व्हची एक जादा ट्यूब घ्या आणि पंप त्यावर बसतो का ते करून बघा. पंक्चर झाल्यावर पंप बसत नसल्याचं कळणारे कमी नाहीत.

## ४. सामान आणि सराव

मागे दोन पॅनियर (कॅरियरला अडकवायच्या पिशव्या) आणि हँडलवर छोटी पिशवी. एकूण १० ते १२ किलो. पाठीवर सॅक नको, उन्हात पाठ भिजते आणि उतारावर तोल वर जातो.

कपडे थरांनी. जूनच्या सकाळी रेशनला तापमान एक अंकी असतं आणि त्याच आठवड्यात बोल्झानोला ३० च्या वर. पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे. हातमोजे बहुतेक जण विसरतात. लांब उतारावर गार वाऱ्यात बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही.

इटलीत गावाबाहेर अंधारात आणि बोगद्यात परावर्तक जॅकेट घालणं सायकलस्वाराला सक्तीचं आहे. वजन नगण्य, पॅनियरच्या वरच्या कप्प्यात ठेवा. मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही म्हणून ते न घालणं हा शहाणपणा नव्हे.

सरावासाठी महिनाभर आधी दोन सलग दिवस सामान लादून चालवा. एका दिवसात १०० किलोमीटर मारण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सॅडलवर बसता येतं का, हे कळणं जास्त उपयोगाचं. मुळशीच्या बाजूने ताम्हिणी उतरून पुन्हा वर आलात तर उतारावरचा ब्रेकही तपासून होतो.

नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. मार्गाची जीपीएक्स फाइल असली तरी गावांची दोन्ही नावं एका कागदावर लिहून घ्या. दक्षिण तिरोलमध्ये पाट्या जर्मन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत असतात, पण तिकीट यंत्रावर किंवा नकाशात कधी एकच दिसतं. मेरान म्हणजे मेरानो, माल्स म्हणजे माल्लेस, ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेन्झा, नॉयमार्क्ट म्हणजे एन्या, आउअर म्हणजे ओरा (हे गाव, वारा नव्हे), सालुर्न म्हणजे सालोर्नो, बोत्सेन म्हणजे बोल्झानो. आणि आदिजे म्हणजे जर्मन पाट्यांवरची एट्श.

## ५. रेशनपर्यंत पोहोचणं

इथेच सर्वाधिक वेळापत्रकं मोडतात. रेशनला रेल्वे नाही.

इटलीकडून: वेरोना किंवा म्युनिकहून बोल्झानो, तिथून मेरान, मेरानहून फिन्श्गाउ खोऱ्याची छोटी रेल्वे माल्सपर्यंत. माल्स हे शेवटचं स्थानक, सुमारे हजार मीटरवर. तिथून रेशन बसने. या छोट्या गाडीत उन्हाळ्यात सायकलींना मर्यादा असते आणि मार्गावर काम चालू असलं की बदली बस सोडतात, तिच्यात सायकल नेता येईल असं गृहीत धरू नका. सायकल बरोबर असेल तर सायकलींचा ट्रेलर ओढणाऱ्या खासगी शटलचं आरक्षण आधी करा.

ऑस्ट्रियाकडून: इन्सब्रुकहून लांडेक-त्साम्सपर्यंत रेल्वे, पुढे बस किंवा सायकल. सायकलने जायचं तर फिन्स्टरम्युन्त्सच्या मुख्य रस्त्याने मुळीच नको, तिथे मोटारी आणि ट्रकांची रांग असते. इन नदीच्या काठाने स्वित्झर्लंडमधल्या मार्टिना गावात या, तिथून नॉर्बर्ट्सहोहेचा घाट चढून नाउडर्सला उतरा. ११ वळणं आहेत आणि चढ जवळजवळ ४०० मीटरांचा. नाउडर्सहून रेशन जवळच आहे.

म्युनिक ते वेरोना धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या थेट गाड्यांत सायकल चालते, पण सायकलीसाठी वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्या असतात. आपलं तिकीट काढून सायकलीचं नंतर बघू म्हटलं की उन्हाळ्यात फलाटावरच राहावं लागतं.

लांबच्या विमानप्रवासानंतर एका दिवसात हे सगळं जुळवू नका. पहिली रात्र मेरान किंवा बोल्झानोला काढा, सायकल घ्या, ब्रेकचा सराव करा आणि दुसऱ्या दिवशी वर जा.

तपासा: अनेक हॉटेलं पाहुण्यांना प्रांतातल्या बस-रेल्वेसाठी मोफत पास देतात. आरक्षण करताना मागा. सायकलीचं तिकीट मात्र त्यात येत नाही.

## ६. पहिला दिवस: रेशन ते ग्लुर्न्स

रेशन सरोवराच्या पाण्यातून वर आलेला घंटामनोरा ज्यांना जवळून पाहायचा आहे त्यांनी आधीच ठरवावं. तो पूर्व काठावर ग्राउन गावापाशी आहे आणि सायकल मार्ग पश्चिम काठाने जातो. पश्चिमेच्या वाटेवरून तो पाण्यापलीकडे दिसतो. जवळ जायचं तर सुरुवातीलाच मुख्य रस्त्याच्या बाजूने ग्राउन करून या.

पश्चिम काठावर छोटे चढ आहेत. धरणाच्या भिंतीपाशी सांक्ट व्हालेंटिन लागतं. पुढे हायडर सरोवर, आणि त्यानंतर खरा उतार सुरू होतो. सांक्ट व्हालेंटिन १,४७० मीटरवर आहे, ग्लुर्न्स ९०० च्या आसपास. बुर्गाइसकडे जाणारा तुकडा विशेष तीव्र आहे.

उतरताना: ब्रेक सतत घासत ठेवू नका, डिस्क तापते आणि पकड सुटते. वेग वाढला की दोन्ही ब्रेक एकत्र, ठाम, थोड्या वेळासाठी दाबा, मग सोडा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. आंधळ्या वळणापलीकडे ट्रॅक्टर असेल असंच समजा, कारण तो अनेकदा असतो. दर काही मिनिटांनी थांबून बोटं मोकळी करा.

माल्सच्या पठारावर वारा जवळजवळ कायमचा. तो बहुतेकदा रेशनकडून खाली येतो, म्हणजे पाठीवर, पण वाट वळली की आडवा झोत बसतो. पॅनियर असलेली सायकल अशा वेळी हातभर सरकते.

अंतर थोडं असलं तरी पुढे रेटू नका. तटबंदीच्या आतलं ग्लुर्न्स एवढंसं गाव आहे, दुपारी फिरून होतं. सायकलीचे सगळे स्क्रू आणि कॅरियरचे बोल्ट पहिल्या उतारानंतर इथेच आवळा.

## ७. दुसरा दिवस: ग्लुर्न्स ते मेरान

प्राड, लास, श्लांडर्स, लाच, नाटुर्न्स अशी गावं येतात. वाट बागांमधून आणि नदीकाठाने जाते, कधी एका काठावरून कधी दुसऱ्या. पूल आला की पाटी बघा, सरळ जाणारी वाट शेतात संपू शकते. पाऊस झाला असेल तर लाकडी पुलांवर हँडल वळवायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही.

बागांचे तुषार सिंचनाचे फवारे वाटेवर फिरतात. फोन पाण्यात चालणारा नसेल तर झाकून ठेवा.

दिवसाचा अवघड भाग अगदी शेवटी. ट्योल इथे नदी सुमारे ५०० मीटरवर आहे आणि मेरान ३२५ वर. मधल्या उतारावर वाट नागमोडी वळणं घेत आल्गुंडकडे उतरते. ही वळणं घट्ट आहेत आणि त्याच अरुंद वाटेने समोरून चढणारे येत असतात. दिवसभर चालवून हात दमलेले असतात आणि मेरान समोर दिसत असतं, त्यामुळे लोक इथेच पडतात. ट्योलला थांबा, पाणी प्या, काही खा, मग उतरा.

## ८. तिसरा दिवस: मेरान ते नॉयमार्क्ट

मेरान ते बोल्झानो ३० किलोमीटर, सपाट. चुकायची जागा बोल्झानोच्या तोंडावर आहे, आणि तिथे खरंच पुष्कळ जण चुकतात. कारण आदिजे बोल्झानो शहरातून वाहतच नाही. शहरातून वाहतात ताल्फर आणि आयझाक, आणि आयझाक शहराखाली आदिजेला मिळते. सिगमुंड्सक्रोन किल्ल्याच्या पायथ्याशी वाटा फुटतात:

एक वाट शहरात जाते. एक जुन्या रेल्वेमार्गावरून काल्टर्नकडे चढते, ती देखणी आहे पण आज आपली नाही. शहरात शिरलेल्याने आयझाकच्या काठाची चुकीची दिशा धरली की तो ब्रेन्नरकडे, म्हणजे उत्तरेला निघतो. वाट छान असल्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही.

तपासा: बोल्झानो सोडताना पाटीवर सालुर्न किंवा त्रेंतो लिहिलेलं असलं पाहिजे. ब्रिक्सेन किंवा ब्रेन्नर दिसलं तर मागे फिरा. दुसरी खूण म्हणजे नदीचं पाणी. ते तुमच्याच दिशेने वाहत असलं पाहिजे.

बोल्झानोखाली बांधावरची वाट सुरू होते. सावली नाही. दुपारी बारानंतर बोल्झानो सोडत असाल तर तिथेच मुक्काम करा आणि कसर दुसऱ्या सकाळी भरा.

## ९. चौथा दिवस: नॉयमार्क्ट ते त्रेंतो

लवकर निघा, एवढंच. सालुर्नला खोरं अरुंद होतं, त्यापुढे त्रेंतिनो प्रांत आणि पाट्या फक्त इटालियनमध्ये. सान मिकेले येतं, लाव्हिसपाशी आव्हिझिओ नदी मिळते, मग त्रेंतो.

खाण्यापिण्याचं इथे नीट सांगतो, कारण शाकाहारी माणसाची गैरसोय वाऱ्यापेक्षा भुकेने जास्त होते. दुकानं दुपारी साडेबारा ते तीन बंद असतात आणि रविवारी लहान गावांत काहीच उघडं नसतं. शनिवारी संध्याकाळी रविवारचं खाणं घेऊन ठेवा. वर दक्षिण तिरोलमध्ये पावाचे गोळे, क्नोडल, सगळीकडे मिळतात, पण त्यांत बहुधा श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. पालकाचे किंवा चीजचे गोळे मागा आणि ते सूपमध्ये नकोत, लोण्यात द्या असं सांगा, कारण सूप मांसाच्या रशाचं असतं. बार्लीच्या सूपमध्येही मांस घालतात. श्लुट्झक्राप्फन ही पालक आणि ताज्या चीजची करंजी सहसा निर्धोक. त्रेंतिनोत स्त्रांगोलाप्रेती मागा. अंडं या सगळ्यांत असतं. अंडं आणि चीज दोन्ही नको असेल तर पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, बास.

गावांतल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. पाटीवर ‘आक्वा नॉन पोताबिले’ किंवा ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. त्रेंतिनोच्या सायकल वाटेवर खास सायकलस्वारांसाठी बिचिग्रिल नावाची उपाहारगृहं आहेत, नोमीचं त्यांपैकी एक.

## १०. पाचवा दिवस: त्रेंतो ते आव्हियो, किंवा गार्डा

रोवेरेतोपर्यंत २५ किलोमीटरच्या थोडं वर. त्यापुढे मोरीला फाटा आहे. गार्डा सरोवर करायचं असेल तर इथे पश्चिमेला वळून लोप्पिओवरून सान जोव्हान्नीची छोटी खिंड ओलांडा, उंची ३०० मीटरही नाही, आणि तोर्बोलेला उतरा. ओरा याच बाजूने येतो, म्हणून हा फाटा सकाळीच धरायचा. सुट्टीच्या दिवशी या वाटेवर पोरंबाळं, स्केट घातलेली माणसं आणि कुत्री असतात, उतरताना वेग आवरा.

सरळ जाणाऱ्यांना पुढे आला आणि आव्हियो. द्राक्षांचे मांडव, नदी, महामार्गाचा आवाज. इथे थांबायचं कारण एवढंच की पुढचा तुकडा ताज्या डोक्याने चालवायला हवा.

रेल्वेचा पर्याय: बोल्झानो, त्रेंतो, रोवेरेतो, वेरोना ही रेल्वे वाटेला जवळजवळ समांतर जाते. पाय दुखला, वादळ आलं, वारा असह्य झाला तर जवळचं स्थानक गाठा. म्युनिकच्या थेट गाड्या सोडल्या तर सायकल फक्त प्रादेशिक गाड्यांत चालते, ज्यांवर सायकलचं चिन्ह असतं. वेगवान गाड्यांत ती सुटी करून पिशवीत भरल्याशिवाय घेत नाहीत. सायकलीचं वेगळं तिकीट काढा आणि कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट दंडाला पात्र असतं, मग तुम्ही पर्यटक असा की कुणी.

## ११. सहावा दिवस: आव्हियो ते वेरोना

बोर्गेत्तोनंतर व्हेनेतो प्रांत लागतो आणि पाट्या विरळ होतात. पाच दिवस पाटी बघून चालवलेल्याला ही सवय मोडायला वेळ लागतो. आज फोनचा नकाशा चालू ठेवा आणि पॉवर बँक हाताशी.

रिव्होली व्हेरोनेसेपाशी खोरं कड्यांमध्ये दबतं आणि तिथे एक छोटा पण खडा चढ आहे. ‘सगळा उतार’ म्हणून निघालेले इथे वैतागतात. उतरून ढकललं तरी चालतं. त्यानंतर बिफ्फिस कालव्याची वाट धरा. ती बुसोलेंगोवरून वेरोनाच्या कडेला आणते आणि किएव्होच्या बंधाऱ्यापाशी शहर सुरू होतं. कालव्याच्या भिंती उभ्या काँक्रीटच्या आहेत आणि पाणी वेगात असतं. पाय ओले करायला उतरू नका.

वेरोनाच्या जुन्या भागात दगडी फरसबंदी आहे, टायरमधली हवा थोडी कमी असली तर बरं. सायकल रस्त्यावर रात्रभर ठेवू नका, हॉटेलच्या आत घ्या, पॅनियर तर क्षणभरही सोडू नका.

परतीला पोर्ता नुओव्हा स्थानकावरून बोल्झानोची प्रादेशिक गाडी धरा. रविवारी संध्याकाळी सायकलवाल्यांची झुंबड असते आणि डबा भरला की गार्ड पुढच्या गाडीने या म्हणतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. सोमवारी सकाळची गाडी निवडा. विमान त्याच दिवशी ठेवू नका. सायकल परत करताना दुकानात घासलेले ब्रेक पॅड दाखवून हिशोब मिटवा, पावती घ्या. आपत्कालीन क्रमांक ११२, तो सगळ्या प्रवासात फोनमध्ये साठवलेला असू द्या.